कार्डावरची सही

गोल्फवर लिहितोय म्हणून हसू नका. आपल्यातला कुणी गोल्फ खेळत नाही हे मला ठाऊक आहे. पण गोल्फच्या मैदानावर आपल्यातले किती आहेत ते एकदा जाऊन मोजा. पिशव्या वाहणारे, गवत कापणारे, तण उपटणाऱ्या बाया, चेंडू हुडकणारी पोरं. खेळ त्यांचा आणि मैदान आपल्या पाठीवर. सहा वर्षं मी त्या मैदानावर कॅडी होतो. माझ्या बिल्ल्याचा नंबर ४७. सहा वर्षांत मला तिथं कुणी नावानं हाक मारली नाही. 'ए फॉर्टी सेव्हन!' असंच.

क्लबाचं नाव लिहीत नाही. घाटावरचं छावणीचं गाव, एवढं पुरे. नाव लिहिलं तर एकाच क्लबाची बदनामी होईल आणि बाकीचे सुटतील.

आठवण निघायचं कारण असं. मागल्या महिन्यात पुतण्या घरी आला. तोही आता तिथंच कॅडी आहे. कॉलेज करतो, सकाळी पिशवी उचलतो. त्याच्या हातात एक कागद. क्लबाच्या बोर्डावर लागलेली येत्या तीन महिन्यांतल्या स्पर्धांची यादी त्यानं उतरवून आणली होती. मंथली मेडल. स्टेबलफर्ड. फोरसम्स. कॅप्टन्स प्राईज. क्लब चॅम्पियनशिप. आणि अगदी तळाला, एका सोमवारी, 'कॅडीज टूर्नामेंट'. सोमवारी का, तर सोमवारी मैदान बंद असतं. साहेबांची सुट्टी ती आमची स्पर्धा. त्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं : स्पर्धा स्टेबलफर्ड पद्धतीनं, सर्व कॅडींचा हँडिकॅप सरसकट ९, कार्डं क्लबाचे सभासद भरतील.

पोरगं म्हणालं, "काका, ह्ये मार्क कसं मोजत्यात त्ये नीट सांगा. आन हा नऊ आमास्नी कुनी दिला?"

पहिला प्रश्न खेळाचा आहे. दुसरा आपला आहे. पण पहिला कळल्याशिवाय दुसरा कळत नाही. म्हणून आधी तो सांगतो. कंटाळू नका.

गोल्फात अठरा भोकं. प्रत्येक भोकाला ठरवून दिलेले फटके असतात, त्याला पार म्हणतात. तीनचं भोक, चारचं, पाचचं. साधारण चार भोकं तीनची, दहा चारची, चार पाचची. बेरीज ७२. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल, एक जास्त लागला तर बोगी. ज्याचे फटके कमी तो जिंकला. क्रिकेटच्या उलट. इथं जो कमी मारतो तो मोठा.

मंथली मेडलात सगळे फटके मोजतात. अठरा भोकांची बेरीज म्हणजे ग्रॉस. त्यातून खेळाडूचा हँडिकॅप वजा केला की नेट. आता नीट ऐका. एक साहेब ९२ फटके मारतो, त्याचा हँडिकॅप २०. नेट ७२. दुसरा ७८ मारतो, हँडिकॅप ४. नेट ७४. कप कुणाला? ९२ वाल्याला. चौदा फटके जास्त मारून तो जिंकला. टाळ्या वाजतात, फोटो निघतो, बिअर फुटते. ह्याची मेरिट गेली, असं त्या हिरवळीवर कुणी म्हणत नाही.

स्टेबलफर्ड जरा वेगळं. तिथं भोकागणिक मार्क. हँडिकॅपचे फटके भोकांवर वाटून देतात. सगळ्यांत अवघड भोकाला नंबर १, सोप्याला १८. ज्याचा हँडिकॅप १८ त्याला प्रत्येक भोकावर एक फटका माफ. २० असेल तर सगळीकडे एक, आणि पहिल्या दोन अवघड भोकांवर दोन-दोन. माफी धरून पार झाली तर २ मार्क. एक फटका जास्त गेला तर १. दोन किंवा त्याहून जास्त गेले तर शून्य, चेंडू उचल आणि पुढं चल. पारपेक्षा एक कमी तर ३, दोन कमी तर ४. म्हणजे अठरा हँडिकॅपवाल्यानं चारच्या भोकाला पाच मारले तरी त्याला पार धरतात, पूर्ण २ मार्क. अठरा भोकांत ३६ मार्क झाले की माणूस आपल्या हँडिकॅपाइतकं खेळला. एका भोकावर वाट लागली तरी सगळा दिवस जात नाही, ही त्यातली दया.

ही दयेची पद्धत काढली डॉक्टर फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या इंग्रज सर्जननं. लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात मे १९३२ मध्ये या पद्धतीची स्पर्धा झाली. १९३२! दोस्तांनो, हे साल आपल्याला कशासाठी पाठ आहे? ऑगस्टात जातीय निवाडा, २४ सप्टेंबरला येरवड्यात पुणे करार. तिकडं कच्च्या खेळाडूला मार्क कसे मिळावेत याची पद्धत बसत होती, आणि इकडं बाबासाहेबांना उपाशी महात्म्याच्या खाटेशेजारी बसून आपल्या माणसांच्या जागा मोजाव्या लागत होत्या. निवाडा देणारा पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड स्वतः गोल्फवेडा. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून त्याच्याच गावच्या गोल्फ क्लबानं १९१६ मध्ये त्याला सभासदत्वातून काढून टाकलं होतं. क्लबातून हाकलणं म्हणजे काय ते त्यालाही माहीत होतं. फरक एवढाच की हाकलायला आधी आत घ्यावं लागतं. आपल्याला ती संधीही नव्हती.

मी बिल्ला लावला १९८५ साली. वय तेरा, आठवीत. बा कंत्राटदाराकडं, काम असेल तेव्हा. आई त्याच मैदानावर रोजंदारीला, ग्रीनवरचं तण उपटायला. उकिडवी बसून बोटानं एकेक काडी काढायची. साहेब खेळायला आले की सगळ्या बायांनी उठून झाडामागं जायचं. साहेबांना चेंडू मारताना समोर हालचाल चालत नाही. मी पिशवी घेऊन साहेबामागं चाललोय आणि आई झाडामागं उभी आहे, असं कितीतरी वेळा झालं. आम्ही एकमेकांकडं बघायचो नाही. घरी गेल्यावरही ती गोष्ट काढायचो नाही.

एप्रिल-मेमध्ये ग्रीनवर फवारे चालायचे. आमच्या वस्तीला एक नळ, तोही सकाळी तासभर. कॅडी शेडमध्ये एक माठ होता, त्याला डोया नव्हता, डालडाचा डबा होता. क्लबाच्या व्हरांड्यात थंड पाण्याचं मशीन. त्याच्याजवळ गेलं की बेअरा हातानंच हटकायचा, तोंड उघडायचा नाही. तो बेअरा आपलाच होता, हेही लिहायला पाहिजे. चवदार तळ्याला तेव्हा अठ्ठावन्न वर्षं होऊन गेली होती.

खेळ आम्ही चोरून शिकलो. संध्याकाळी शेवटचा साहेब गेला की सहाव्या भोकाच्या खोलगटात. मोडक्या काठ्या, पेरूची फांदी, नाल्यातून काढलेले चेंडू. नाल्यात चेंडू गेला की आम्हालाच उतरवायचे. नियमात चेंडू शोधायला तेव्हा पाच मिनिटं होती, २०१९ पासून तीन झाली. नाल्यात काच लागून पाय फाटला तर त्याची मिनिटं कुठल्याच नियमात नाहीत. वारा कुठला, उतार किती, कुठली काठी घ्यायची, सगळं आम्ही सांगायचो. साहेबाचा फटका बसला तर "गुड शॉट, सर". चुकला तर "यू इडियट, राँग क्लब". गंमत बघा. गोल्फच्या नियमात कॅडीची चूक झाली तर दंड खेळाडूला होतो. पुस्तकात असं आहे. मैदानावर दंड आमच्या फेरीच्या सात रुपयांतून कापला जायचा.

आता १९८९ सालची गोष्ट. कॅडीज टूर्नामेंट. सोमवार. मी सतरा वर्षांचा. कुणाकुणाच्या टाकून दिलेल्या सात काठ्या गोळा करून उतरलो. नियमानं पिशवीत १४ चालतात. आम्हाला सात मिळाल्या, तेही चौघांत एक पटर.

गोल्फवाले एका गोष्टीचा फार अभिमान सांगतात. हा सभ्य माणसांचा खेळ, म्हणे. इथं पंच नसतो. ज्यानं त्यानं आपली चूक आपण सांगायची आणि दंड आपणच लावून घ्यायचा. एकानं दुसऱ्याचं कार्ड भरायचं, शेवटी दोघांनी सही करायची. शब्दावर विश्वास. पण त्या सोमवारी आमच्या प्रत्येक चौकडीबरोबर एकेक सभासद पाठवला होता. का? तर कॅडी लबाडी करतील. जो माणूस सहा दिवस साहेबांचे फटके खरे मोजतो, साहेबानं झाडीत पायानं चेंडू सरकवला तर नजर वळवतो, तो सातव्या दिवशी स्वतःचे फटके खोटे मोजेल, हा त्यांचा हिशेब.

चौदाव्या भोकापर्यंत मी बरा होतो. चौदावं भोक चारचं, मला पाच लागले. बरोबरच्या तिन्ही पोरांनी बघितले. संपल्यावर कार्ड हातात आलं तर तिथं सहा. मी म्हणालो, "साहेब, पाच झाले." साहेब म्हणाले, "आय सॉ सिक्स." तिन्ही पोरं म्हणाली पाच. प्रकरण कमिटीकडं गेलं. कमिटीनं दोन मिनिटांत निकाल दिला : कॅडी एकमेकांची बाजू घेणारच, सभासदाचा शब्द राहील.

नियम असा की कार्डावर खेळाडूची सही नसेल तर तो बाद. आणि खऱ्यापेक्षा जास्त आकड्यावर सही केली तर तो जास्तीचा आकडाच कायम. म्हणजे माझ्यापुढं दोन रस्ते : सही करायची नाही आणि बाहेर जायचं, किंवा खोट्यावर सही करायची आणि आत राहायचं. मी सही केली. ८०. पहिला नंबर ७९ ला गेला. पहिला आलेलाही आमच्याच वस्तीतला, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याला स्टीलचा जग मिळाला. तो जग रात्री त्यानं माझ्या घरी आणून ठेवला. आईनं परत नेऊन दिला.

जगाचं मला काही वाटलं नाही. त्या सहीचं आजही वाटतं. तेव्हापासून कुठल्याही कागदावर सही करताना माझा हात आधी आकडे तपासतो.

पुढचं साल १९९०. ऑगस्टात मंडल जाहीर झालं आणि साहेबांच्या तोंडाला मेरिट लागलं. पहिल्या भोकापासून अठराव्यापर्यंत मेरिट, मेरिट, मेरिट. मंडल होतं ओबीसींचं, पण शिव्यांच्या वाटणीत आम्ही पहिले. एका रविवारी मी ज्यांची पिशवी उचलली होती त्या साहेबांचा हँडिकॅप २०. ते दुसऱ्याला सांगत होते, "कमी मार्कांत डॉक्टर होणार हे लोक. मी तर ह्यांच्याकडून साधं इंजेक्शन घेणार नाही." मला राहवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, तुमाला बी दर फेरीला वीस फटकं माफ हायेत की."

चौघेही थांबले. मग एक जण हसला. माझे साहेब हसले नाहीत. फेरी संपल्यावर सात रुपये मोजून दिले, वर काही नाही. कॅडी मास्टरनं बोलावून सांगितलं, "फॉर्टी सेव्हन, जीभ लांब झालीया तुजी."

वस्तीत मी हीरो झालो. पोरांनी तो किस्सा दहा वेळा सांगायला लावला. पण विहारापाशी आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे वस्तीतले जुने कार्यकर्ते. मिलिटरीच्या कारखान्यातून रिटायर झालेले, जुनी 'जनता' पत्र्याच्या पेटीत जपून ठेवणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरा, बोललास ते झकास बोललास. भांडनात असं बोलायचंच. पन मनात मातुर तसं समजू नगंस."

मी म्हणालो, "का आप्पा? काय चुकलं?"

"हँडिकॅप कुनाला देत्यात? जो खेळात कच्चा हाय त्याला. म्हंजे तू कबूल केलंस की आपुन कच्चं. आपुन कच्चं हाय व्हय रं? तुला तिथलं समदं मैदान पाठ. सायबाला काठी तू सांगतूस. तू कच्चा न्हाईस, तू फाटकाभाईर हाईस. कच्चं असनं येगळं आन फाटक बंद असनं येगळं. बाबासायबांनी फटकं माफ करा म्हनून मागितलं न्हाईत. त्येंनी सांगितलं, फाटक उघडा, कमिटीत बसवा, नियम लिवायच्या टेबलाला आमची बी खुर्ची पायजे."

मित्रहो, ही गोष्ट मी पुढं बऱ्याच पुस्तकांत वाचली. पण मला ती कळली त्या रात्री, विहाराच्या पायरीवर. म्हणून तुम्हालाही सांगतो. कॉलेजात कुणी मेरिटचा ढोल वाजवला तर हँडिकॅपचं उदाहरण जरूर द्या. त्यांच्याच खेळातलं आहे, त्यांना झोंबतं. २०२० पासून तर जगभरासाठी एकच हँडिकॅप पद्धत आली. शेवटच्या २० कार्डांतली चांगली ८ घेऊन सरासरी काढतात, आणि जास्तीत जास्त हँडिकॅप ५४ पर्यंत जाऊ शकतो. प्रत्येक भोकाला तीन फटके माफ! श्रीमंतांच्या खेळालाही कळतं की सगळ्यांना एका रेषेवर उभं करून शर्यत लावणं म्हणजे न्याय नव्हे. पण तिथंच थांबू नका. राखीव जागा ही कच्च्यावर केलेली दया नाही. ती फाटकाची किल्ली आहे. किल्लीला सवलत म्हणू नका.

मग आलं १९९१. बाबासाहेबांची जन्मशताब्दी. १४ एप्रिल रविवारी आला. मार्चअखेर क्लबाच्या बोर्डावर पुढल्या महिन्याच्या स्पर्धा लागल्या. रविवार, १४ एप्रिल : कॅप्टन्स प्राईज. खाली कॅडींसाठी सूचना : सर्वांनी पहाटे साडेपाचला हजर राहावे, गैरहजर राहणाऱ्याचा बिल्ला जप्त होईल.

आम्ही पाच जण कॅडी मास्टरकडं गेलो. म्हणालो, शंभर वर्षं झाली, त्या दिवशी येता येणार नाही, तारीख बदला नाहीतर सुट्टी द्या. तो म्हणाला, "रैवार हाय. रैवारी कुनाची बी जयंती असू दे, सायेब खेळनारच. मिरवनूक रातच्याला काडा की." सेक्रेटरीकडं लेखी अर्ज दिला. उत्तर आलं नाही.

एकूण चाळीसेक कॅडी. पंचवीसेक आमच्या वस्तीतले. बाकी मातंग, वडार, मुसलमान, दोन मराठ्यांची पोरं. आमच्यात भांडणं कमी नव्हती. कुणी म्हणालं, एक महिना बिल्ला गेला तर घरात काय खायचं? खरंच होतं ते. माझ्याच घरात बा अंथरुणाला होता. रोजे चालू होते. मुसलमान पोरं उपाशीपोटी, पाणी न पिता एप्रिलच्या उन्हात पिशव्या वाहत होती. त्यांच्यातला सगळ्यांत थोरला म्हणाला, "तुमच्या बाबासाहेबांसाठी तुम्ही जाणार. आमच्या ईदला पण ह्यांनी कधी सोडलं नाही. आम्ही पण नाही येत." त्यानं असं म्हटल्यावर कुरकुर संपली. सगळे आले असं नाही. आठ जण कामाला गेले. त्यांची नावं मी तेव्हाही घेतली नाहीत, आज तर नाहीच. भुकेचा हिशेब दुसऱ्यानं करू नये.

त्या रविवारी सकाळी मिरवणूक मैदानाशेजारच्या रस्त्यानंच निघाली. निळे झेंडे, लेझीम, बैलगाडीवर बाबासाहेबांची तसबीर. नवव्या भोकाला कुंपण रस्त्याला लागून आहे. तिथं मी बघितलं : साहेब स्वतःच्या पिशव्या स्वतः उचलून चालले होते. काहींनी ड्रायव्हरना धरून आणलं होतं. ग्रीनवर तण उपटणाऱ्या बाया त्या दिवशी नव्हत्या. आई माझ्या पुढं चार ओळींवर होती. पांढरं लुगडं, हातात झेंडा. एका साहेबानं पटिंग थांबवलं आणि मिरवणूक जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला. आदरानं नव्हे, आवाजानं. पण त्याला थांबावं लागलं. इतकी वर्षं आई झाडामागं थांबायची. त्या दिवशी ती चालत होती आणि तो थांबला होता.

मंगळवारी बोर्डावर नंबर लागले. बिल्ले महिनाभर जप्त. ४७ नंबर कायमचा. आईची रोजंदारी दोन महिने बंद झाली. घरात त्या दोन महिन्यांत काय झालं ते लिहीत नाही, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते न लिहिता कळेल. ती एकदाच म्हणाली, "चौदा एप्रिलला मी हुबी न्हवते ऱ्हायले झाडामागं, एवढंच बास." मी रात्रशाळेला गेलो, पुढं शिकलो, राखीव जागेवर सरकारी नोकरीत लागलो. होय, राखीव जागेवर. मान खाली न घालता लिहितोय.

त्याच १९९१ साली अली शेरनं इंडियन ओपन जिंकली. भारतीय व्यावसायिक खेळाडूनं ती स्पर्धा जिंकण्याची ती पहिली वेळ. हा अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता. पेपरात बातमी वाचली. कात्रण कापून वहीत ठेवलं. पिशवी वाहणारा कच्चा नसतो, आप्पांचं म्हणणं पेपरात छापून आलं होतं.

आणि हे आपल्याकडंच आहे असं समजू नका. ज्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन १९७२ मध्ये आपले पँथर उभे राहिले, तिथं गोल्फ व्यावसायिकांच्या संघटनेच्या घटनेतच 'फक्त गोरे' असं कलम होतं. ते १९६१ मध्ये निघालं. चार्ली सिफर्ड नावाच्या काळ्या खेळाडूला त्यासाठी भांडावं लागलं. तोही लहानपणी कॅडी. ऑगस्टा नावाच्या क्लबात मास्टर्स नावाची जगप्रसिद्ध स्पर्धा होते. तिथं १९८२ पर्यंत क्लबाचाच काळा कॅडी घ्यावा लागायचा. काळा खेळाडू ली एल्डर तिथं पहिल्यांदा खेळला १९७५ मध्ये, आणि काळा सभासद क्लबानं घेतला १९९० मध्ये. म्हणजे पिशवीला काळा हात चालत होता, कार्डाला चालत नव्हता. आपल्याकडं पळवणकर बाळूचं तेच. पुण्यात गोऱ्यांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी सांभाळणारा हा चांभाराचा पोरगा नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकत टाकत तयार झाला. १९११ मध्ये विलायतेत शंभरावर बळी घेतले. त्याच्या हातचा चेंडू हिंदूंच्या संघाला चालला, चहा मात्र त्याला बाहेर वेगळ्या भांड्यात. आणि कप्तानपद त्याला कधी दिलं नाही.

आता पुतण्याच्या कागदाकडं येतो. तो कागद मी दोनदा वाचला. यादीत १४ एप्रिलला स्पर्धा नाही. रकाना रिकामा. क्लबातल्या आजच्या साहेबांना तो का रिकामा आहे हे ठाऊक नसेल. आम्हाला ठाऊक आहे. १९९१ नंतर त्या तारखेला त्यांनी कधी स्पर्धा ठेवली नाही. कबूल काही केलं नाही, माफी मागितली नाही, तारीख तेवढी सोडून दिली.

पण शेवटची ओळ अजून तशीच. सगळ्या कॅडींना सरसकट ९. सभासदाचा हँडिकॅप त्याच्या वीस कार्डांवरून निघतो. कॅडीचं कार्डच कुणी ठेवत नाही, मग कसला हँडिकॅप काढणार? बारा वर्षं पिशवी वाहिलेल्याला ९ आणि काल आलेल्यालाही ९. आणि कार्डं भरणार सभासद.

पुतण्या म्हणाला, "काका, न खेळलेलंच बरं मग."

मी म्हणालो, खेळायचं. पण आधी अर्ज करायचा. त्यांच्याच नियमाप्रमाणे एक खेळाडू दुसऱ्याचा मार्कर होऊ शकतो. साहेब एकमेकांची कार्डं भरतात तसं आम्ही आमची भरू. दुसरं, प्रत्येक कॅडीची कार्डं वर्षभर जपून ठेवा आणि ज्याचा त्याला हँडिकॅप द्या. तिसरं, नाल्यात उतरताना किंवा चेंडू लागून इजा झाली तर दवाखान्याचा खर्च क्लबाचा. 'तुम्ही आमचे नोकर नाही' हे उत्तर आम्ही १९८५ पासून ऐकतोय. ते आता बास.

अर्ज मी लिहून दिला नाही. त्यालाच लिहायला लावला. दोन ठिकाणी खोडलं, शुद्धलेखन चुकलं, राहू दिलं. रात्री शेडमध्ये बसून त्यानं आणि पोरांनी सह्या गोळा केल्या. एकतीस झाल्या. त्यातल्या दोघांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी अंगठा उठवला. अर्ज सेक्रेटरीला दिला, पोच घेतली. पोच घ्यायला मी बजावून सांगितलं होतं. आमच्या १९९१ च्या अर्जाची पोच नव्हती.

उत्तर अजून आलेलं नाही. सोमवार जवळ येतोय. पोरगं संध्याकाळी सहाव्या भोकाच्या खोलगटात सराव करतंय, आम्ही करायचो तिथंच. परवा मला विचारत होतं, "काका, कार्ड त्येंनीच भरलं आन आकडा चुकीचा आला तर सही करू का नगं?"

मी १९८९ मध्ये केली होती. त्याला काय सांगू? मी एवढंच म्हणालो, "एकट्यानं ठरवू नगंस. तुमी एकतीस जन हायसा. आधी बसा, बोला, मग काय त्ये ठरवा."

ज्या ज्या गावात गोल्फचं, टेनिसचं, पोहण्याचं असलं काही हिरवं कुंपण आहे, तिथल्या कार्यकर्त्यांनी एकदा आत जाऊन यावं. मागच्या फाटकानं जावं, शेडमध्ये बसावं, माठ बघावा, बोर्ड वाचावा. आपली माणसं तिथं नंबरानं राहतात. त्यांची नावं विचारा.

जय भीम.